आठ मिनिटं

आईच्या छातीत कळ आली तेव्हा लेक लॅपटॉपवर रुग्णवाहिका बोलावण्याचं अ‍ॅप तयार करत होती. फोन शोधण्यात वेळ नको म्हणून तिने लॅपटॉपवरच अ‍ॅपचं बटण दाबलं. "गाडी निघाली, आठ मिनिटं," उत्तर लगेच आलं. आईचं डोकं मांडीवर घेऊन ती जिन्याकडे कान लावून बसली. बारा मिनिटं झाली, तरी पडद्यावर आठच. आईने मान वळवून वाचलं, "चालक... बंडू?" तीन वर्षांपूर्वी वारलेल्या ड्रायव्हर मामाचं नाव लेकीनेच लाडाने टेस्ट सर्व्हरवर, म्हणजे चाचणीपुरत्या खोट्या यंत्रणेत, भरलं होतं. या लॅपटॉपवरून गेलेली प्रत्येक रिक्वेस्ट प्रॉक्सी नावाचा मधला प्रोग्रॅम तिकडेच वळवायचा. तोही तिनेच लिहिलेला. खऱ्या कंट्रोल रूमला पत्ताच नव्हता. ती फोन धुंडाळू लागली. "आई, डोळे मिटू नकोस!" आई मात्र हसली. "घाई कशाला? बंडू कधीच उशीर करत नाही."