पंपहाऊसवर दोघं

पंपहाऊसवर मी एकटाच असतो. मुलगी सासरी गेल्यापासून घरीही तेच.

पंप चालवायच्या कॉम्प्युटरवर कितीजण काम करताहेत, तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात असतो. नेहमी एक. आज भरदुपारी दोन.

ऑफिसात फोन लावला. इंजिनियर बाई म्हणाल्या, “काका, बाहेरून कुणीतरी घुसलंय. पासवर्ड जुनाच ना, सगळ्या गावाला ठाऊक असलेला? बदला आधी.”

बदलला. तरी दोनच.

“इंटरनेटची केबल काढा.”

काढून हातात धरली. “अहो, अजून दोनच दाखवतोय!”

बाई हळूच म्हणाल्या, “काका, आता बाहेरून कुणी येऊच शकत नाही. जे आहे, ते तुमच्या खोलीतच आहे.”

मागं वळून बघितलं नाही. बाकावर जरा सरकून जागा केली.