दुखू नये म्हणून

पाळी आली की चंद्रकला पदराचा बोळा तोंडात कोंबून भुईवर लोळायची. त्र्याऐंशी साली पांढुर्ण्यात चिनी सुया टोचणारे नवे डॉक्टर आले. त्यांच्याकडे ती नवऱ्याला न सांगता जाऊ लागली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिचा एक महिना सुखानं गेला.

गुणवंताला हे कळलं तेव्हा ती डॉक्टरांच्या टेबलावर पडलेली होती. त्यानं तिला केसांना धरून खाली ओढलं आणि भर रस्त्यातून घरापर्यंत फरफटत नेलं. घोट्याजवळच्या सुया तशाच पायात होत्या.

"माह्या मायनं सोसलं, आजीनं सोसलं! बाईच्या जातीनं हे सोसाचंच असते. तुलेच कायले पायजे सुया?"

बोलता बोलता तो लाथा घालत होता, त्याही नेमक्या पोटात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दोन गावांची दरवर्षीची दगडफेक, गोटमार, पेटली. पलीकडच्या सावरगावकडून आलेला एक दगड गुणवंताच्या कपाळावर असा बसला की भुवईपासून टाळूपर्यंत कातडी उलली. चौघांनी त्याला उचलून डॉक्टरांच्या त्याच टेबलावर आणून टाकलं. रक्तानं न्हालेला गुणवंता गुरासारखा ओरडत होता.

"टाके घालावे लागतील. आधी जागा बधिर करतो, म्हणजे दुखणार नाही," म्हणत डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं.

मागोमाग आलेल्या चंद्रकलेनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि डॉक्टरांचा हात धरला.


"दुखू नये म्हून सुई टोचाची आमच्या घरी रीत नाही, डॉक्टरसाहेब. टाके तशेच घाला. ते सोसतीन."