उड्डाणाचा सराव

"पट्टा बांध ना!" नवरा खेकसला.

तिने त्याच्याच कमरेचा पट्टा खुर्चीला आवळला. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडलेल्या, ओट्यावर रिकामा मिक्सर घरघरतोय. हे त्यांचं विमान! गॅरेजात ट्रकखाली बिनधास्त लोळणारा हा गडी, विमानाचं नुसतं नाव काढलं की घामाघूम व्हायचा.

तिने त्याचा हात हातात घेतला. "डोळे मिटा. श्वास घ्या. मी आहे ना."

मिक्सरचा आवाज तिने वाढवला मात्र, त्याने हात हिसडून फाडकन तिच्या तोंडात मारली. ओठ फुटला.

"मजा बघतेस माझी?"

पट्टा सोडून तो उठला. पुढची लाथ पोटात बसली. ती खुर्चीसकट आडवी झाली. दारात उभी असलेली त्यांची मुलगी जागची हलली नाही. मागच्या वेळी ती मध्ये पडली होती, तेव्हा मोडलेला हात अजून झोळीत होता.

समुद्रापलीकडे राहणारे थोरले दीर फोनवर टोमणे मारायचे, "घाबरटा, एकदा येऊन तर दाखव!" फोन ठेवला की त्याचं उट्टं घरात निघायचं. मार तसा जुनाच, पण आता त्याला धरबंध उरला नव्हता. एक दिवस दोघींपैकी एक जिवानिशी जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"कशाला करतेस बाबांसाठी एवढं?" तिच्या ओठाला बर्फ लावत मुलीने विचारलं.

"ते एकदा विमानात बसले ना, की घर शांत होईल बघ."

मुलीने कपाळाला हात लावला.

भीती घालवायला हा सराव सांगणारे डॉक्टर मात्र खूश होते. "कमाल आहे हो तुमची! आता त्यांना एकट्याने बसायची सवय लावा. नाहीतर तुमच्याशिवाय विमानाच्या जवळही फिरकायचे नाहीत."

"लावू की हळूहळू," ती म्हणाली.

दोघांचा दिरांकडे निघायचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी दिलेली गुंगीची गोळी त्याने विमानतळावरच घेतली. तरी विमानाच्या दारात तो अडून बसला. त्याने तिची करंगळी अशी पिरगाळली की कट्‌कन आवाज झाला. तिने त्याला बसवलं, पट्टा बांधला.

"हात सोडलास तर जीव घेईन," तो डोळे मिटून पुटपुटला.

हळूहळू त्याची मान कलली, पकड सुटली. ती उठली. दारातल्या हवाई सुंदरीपुढे तिने निळी पडलेली करंगळी धरली.

"बोट मोडलंय माझं. उतरते मी. त्यांना झोपू द्या, तिकडे त्यांचा भाऊ येणार आहे घ्यायला."

निरोप द्यायला आलेली मुलगी बाहेरच थांबली होती. आईला एकटी येताना बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. डोक्यावरून विमान गेलं.

"आई, काय केलंस हे! उतरले की पुढच्याच विमानाने येतील. मारून टाकतील आपल्याला!"

"येतील?" ती म्हणाली. "त्यांना विमानात बसवणार कोण?"