आबासाहेबांचा आवाज

“ती टेप पुसली, वहिनी,” नलिनी म्हणाली. “सगळ्याच पुसल्या. टेप महाग असते ना, त्याच टेपेवर पुढचं शूटिंग करतात.”

प्रेमा अंधेरीच्या स्टुडिओच्या फाटकाशी उभी होती. पाच वर्षांच्या जयंतीचं बोट तिच्या हातात होतं. भांडुपहून बस बदलत ती आली होती, गेलेल्या नवऱ्याचा आवाज मागायला.

दशरथ गिरणीत होता. संप फिसकटला आणि नोकरी गेली. कामगार नाटकांत उभा राहायचा, त्या जोरावर टीव्हीवरच्या एका मालिकेत काम मिळालं. सुनेला छळणारा सासरा, आबासाहेब. चाळिशीही न गाठलेला माणूस केसांना पांढरा रंग लावून असा काही गरजायचा, की भांडुपच्या बाजारात कोळणीने त्याला मासळी दिली नाही. “सुनेला उपाशी ठेवून वर पापलेट पाहिजे?” त्या दिवशी तो रिकामी पिशवी हलवत, हसत घरी आला. “प्रेमा, जमलं गं! लोक शिव्या घालायला लागले.”

मालिका संपली, आणि वर्षाच्या आत काविळीने तो गेला. तेव्हा जयंतीला धड बोलताही येत नव्हतं. घरात त्याचा फोटो होता. पण हल्ली ती सारखी विचारायची, “बाबा कसे बोलायचे?” प्रेमाला ते करून दाखवता येत नव्हतं.

नलिनी त्या मालिकेत सून झाली होती. मायलेकींकडे बघून तिला राहवेना. “मुलुंडला एक बाई आहेत, वनमालाबाई. मुलाने मस्कतहून व्हीसीआर आणून दिलाय. आपली मालिका त्या घरी टेप करून ठेवायच्या. मला हळदीकुंकवाला बोलावून कपाटभर कॅसेट दाखवल्या होत्या. जा, माझं नाव सांग.”

नलिनीचं नाव ऐकताच वनमालाबाईंनी दोघींना आत घेतलं. जयंतीच्या हातावर लाडू ठेवला. “बघायला येतंच कोण आता? बस गं, बस,” म्हणत, प्रेमाला तोंड उघडायची सवड न देता त्यांनी कॅसेट लावली.

पडद्यावर नलिनी भाजी चिरत होती. बाहेर चपला वाजल्या. ती दचकली, पदर सावरत उठली. “आबासाहेब आले!”

प्रेमाने श्वास रोखला. चित्र थरथरलं, आडवे पट्टे उमटले, आणि नलिनी देवापुढे बसून एकटीच रडताना दिसली.

पुढच्या भागात तेच. त्याच्या पुढच्याही भागात तेच. चपला वाजायच्या, नलिनी दाराकडे बघायची, आणि दारातून कुणीच यायचं नाही.

“कॅसेट खराब झालीय का?” प्रेमाने विचारलं.

“खराब कशाने होईल? तो थेरडा आला की मी बटण दाबून टेप करणं थांबवायचे, तो गेला की परत सुरू. नको मेल्याचं तोंड! नुसता आवाज ऐकला तरी अंगाची आग व्हायची. असल्या माणसाला कोण घरात भरून ठेवील?”

प्रेमाला क्षणभर हसू फुटल्यासारखं झालं.

“आई, माझे बाबा कधी येणार यात?” जयंती म्हणाली.

वनमालाबाई चमकल्या. “अगं बाई! हिचे वडील होते यात? कोण गं?”

लाडू हातात तसाच धरून जयंती आईकडे बघत होती. थेरडा, मेला, सगळं तिने आत्ताच ऐकलं होतं.

“गड्याचं काम होतं त्यांचं,” प्रेमा म्हणाली. “लहानसंच.”

“तो गडी? अगं, तो आहे की! सुनेची बाजू घेणारा एकटा तोच होता त्या घरात.” वनमालाबाईंनी हौसेने कॅसेट मागे फिरवली. मिशीवाला एक किडकिडीत माणूस ट्रे घेऊन आत आला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, “वहिनीसाहेब, चहा आणलाय.”

जयंती पडद्याला नाक टेकेपर्यंत पुढे सरकली. “फोटोत असे नाहीत.”

“रंग लावलाय गं,” प्रेमा म्हणाली. “मिशी खोटी आहे.”

“परत लावा ना, आजी.”

वनमालाबाईंनी परत लावलं. मग पुन्हा. निघताना त्यांनी प्रेमाच्या पाठीवरून हात फिरवला. “चांगला माणूस होता हो. दिसायचंच त्याच्या तोंडावर.”

भांडुपला घरी पोचल्यावर प्रेमा चप्पल काढून तशीच भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने जयंती ताटलीत रिकामा कप घेऊन तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने मान खाली घातली, आवाज घोगरा केला.

“वहिनीसाहेब, चहा आणलाय.” मग आपल्या आवाजात, घाईघाईने तिने विचारलं, “आई, बाबांसारखं झालं?”

प्रेमाने कप हातात घेतला.

“हुबेहूब,” ती म्हणाली.