आठ वर्षांचा बिल्ला

बिल्ला परत करायचा आणि काही न बोलता बाहेर पडायचे, एवढेच ठरवून मुरलीधर रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आले होते. कारण विचारलेच, तर गाझियाबादहून येणेजाणे आता झेपत नाही, असे सांगायचे. हे वाक्य त्यांनी मेट्रोत दोनदा मनाशी म्हणून पाहिले होते.

कर्करोगातून बरे होऊन इथल्या रुग्णांना धीर द्यायला येणाऱ्या स्वयंसेवकांना पिवळा बिल्ला मिळे. नावाखाली, बरे होऊन किती वर्षे झाली, तो आकडा ठळक छापलेला असे आणि दर जानेवारीत तो एकाने वाढे. मुरलीधरांच्या बिल्ल्यावर आठ होते. मंगळवारी आलेल्या बायॉप्सीच्या अहवालाने तो आकडा खोटा ठरवला होता. मानेतली गाठ परत आली होती. सोमवारपासून त्यांचे स्वतःचे केमोचे डोस सुरू व्हायचे होते, याच मजल्यावर, पडद्यापलीकडच्या पुरुषांच्या भागात. हे अजून फक्त पत्नीला, कुमुदिनीला ठाऊक होते.

ते तोंड उघडणार, तोच स्वयंसेवकांचे काम पाहणाऱ्या प्रभाने त्यांचा दंड धरला.

"अंकलजी, अच्छा हुआ आप आ गए! सात नंबर मना कर रही है। फॉर्म माँग लिया उसने। आपवाली ही बीमारी है, और है भी मराठी। आपकी सुनेगी।"

"प्रभाजी, मैं आज ज़रा..."

"बस, पाँच मिनट!" प्रभाने त्यांच्या हातातला बिल्ला घेतला आणि त्यांच्याच खिशाला लावून टाकला.

सात नंबरच्या आरामखुर्चीत रुचिता बसली होती. वय पस्तिशीचे, डोक्याला रुमाल. मांडीवर उपचार नाकारत असल्याचा फॉर्म. सगळे रकाने भरून झाले होते, सही तेवढी राहिली होती. तिचा नवरा सुयश हातात पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा होता.

"नमस्कार. तुमचा हा दुसरा डोस ना?" मुरलीधरांनी विचारले.

"अहो-जाहो नका करू, काका. आणखी आजारी वाटतं." तिने बिल्ला वाचला. "तुम्ही पण तेच सांगणार ना? पॉझिटिव्ह राहा."

"नाही. त्याने मळमळ थांबत नाही."

रुचिताला हसू आले. बंद पडलेला पंप एका फटक्यात सुरू करणाऱ्या मेकॅनिककडे पाहावे, तसे सुयशने मुरलीधरांकडे पाहिले.

"पहिल्या डोसनंतर दहा दिवस मी बाथरूमच्या फरशीवर होते," ती म्हणाली. "अबोली दाराबाहेरून विचारते, 'आई, हो गया का तुझं?' सहा वर्षांची आहे. असे अजून पाच डोस. बरं, घेते. पण एवढं करून ते परतच येणार असेल, तर कशाला घेऊ? तेवढे दिवस तिच्याबरोबर नीट तरी राहते."

"अगं, डॉक्टर म्हणाले ना, की..."

"तू गप्प बस, यार. डॉक्टर टक्के सांगतात. मला माणूस पाहिजे." ती मुरलीधरांकडे वळली. "काका, तुमचं परत आलंय का? हो की नाही, एवढंच सांगा."

स्वयंसेवकाने फक्त स्वतःच्या आजाराविषयी बोलावे आणि जे खरे तेच बोलावे, असा नियम होता. तो मुरलीधरांनीच आग्रहाने घालायला लावला होता. सरकारी इमारतींचे पंप तपासण्यात सगळी नोकरी काढलेला माणूस. मीटरच्या काट्याने दाखवले तेवढेच त्यांनी आयुष्यभर लिहिले होते.

"आठ वर्षे झाली," ते म्हणाले.

"ते बिल्ल्यावर आहे. मी विचारलं ते सांगा."

रुचिताच्या हातातल्या पेनाचे टोपण काढलेले होते. सुयशच्या हातातली बाटली दबून कुरकुरली. मागे प्रभा येऊन उभी राहिली होती आणि निश्चिंत हसत होती. आता न बोलता उठून जावे, तर तेही उत्तरच ठरले असते.

"नाही," मुरलीधर म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

रुचिताने पेनाला टोपण लावले. फॉर्मची घडी घालून ती सुयशच्या हातात दिली.

"चला, घेते. पण तुम्ही इथे बसायचं, काका. आज आणि पुढचे चारही डोस. याच स्टुलावर."

"अगं, त्यांना काही कामं असतील," सुयश म्हणाला.

"असू देत. हे नसले, तर मी काय समजायचं ते समजेन."

पुढचा डोस एकवीस दिवसांनी. तोवर आपल्या डोक्यावर केस राहिलेले नसतील, हा हिशेब मुरलीधरांच्या मनात आपोआप झाला.

"बसेन," ते म्हणाले आणि स्टूल जवळ ओढून बसले.

सिस्टर ट्रे घेऊन आली. तिने रुचिताच्या दंडाला पट्टा आवळला. "मुट्ठी बंद कीजिए।"

रुचिताने डोळे मिटले, मूठ वळली. सिस्टरने शीर चाचपली, सुई आत सरकवली, तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि पट्टा सोडला.

"हो गया। अब खोल दीजिए।"

रुचिताने मूठ उघडली. सिस्टरची नजर शेजारच्या स्टुलाकडे गेली. तिथली मूठ तशीच आवळलेली होती. बोटांची पेरे पांढरी पडली होती.

"अरे अंकलजी," ती हसून म्हणाली, "सुई इनको लगी है, आपको नहीं!"