हवं ते वर, आहे ते खाली

मॅडमनी फळ्यावर लिहिलं: डॉक्टरांनी सांगितलंय ०.१२५ मिलिग्रॅम. तुमच्याकडची गोळी ०.२५ची. किती गोळ्या द्याल?

"दोन!" ती फटकन म्हणाली. फार्मसीच्या वर्गात वयाने ती सगळ्यांत मोठी. पोरं तिला काकू म्हणायची आणि गणितात या पोरांच्या मागे राहायचं नाही, असा तिने चंगच बांधला होता.

"काकू, पेशंटला एकदम वर पाठवताय की काय?" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग खिदळला.

मॅडम हसल्या नाहीत. "एकशे पंचवीस मोठे आणि पंचवीस लहान, म्हणून गोळ्या जास्त, असं वाटलं ना? बहुतेकांना वाटतं. पंचवीसच्या शेवटी एक शून्य लावा. झाले दोनशे पन्नास. आता हवं ते वर, आहे ते खाली. भागा बघू."

तिने भागलं. उत्तर आलं अर्धी. आणि तिला सकाळची वाटी आठवली.

सासूबाईंची हृदयाची गोळी. नेहमीची ०.१२५ची पट्टी संपली होती. नवऱ्याने काल दुसऱ्या दुकानातून ०.२५ची आणली, टेबलावर टाकली आणि आज पहाटेच तो कामाला निघून गेला. सकाळी निघताना तिने पट्टी वाचली, मनातल्या मनात हिशेब केला आणि जेवणानंतर घ्यायला म्हणून वाटीत दोन गोळ्या काढून ठेवल्या. अर्धीच्या जागी दोन. चौपट.

दप्तर तसंच टाकून ती वर्गाबाहेर आली. सासूबाईंच्या मोबाइलवर फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बसची वाट बघण्याइतका तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती पळत सुटली. सिग्नल, फळांची दुकानं, शाळेची भिंत, मधलं काही तिला दिसलंच नाही. बंद पडलेल्या लिफ्टला शिव्या घालत ती जिना चढली.

सासूबाई आरामखुर्चीत. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. जेवणाचं ताट धुऊन पालथं घातलेलं. वाटी रिकामी.

"आई!" तिने त्यांना गदागदा हलवलं. "आई, उठा!"

"अगं, हो हो! आग लागली का कुठे?" सासूबाई दचकून सरळ बसल्या. "आत्ता कुठे डोळा लागला होता."

"गोळ्या घेतल्या तुम्ही?"

"नाही घेतल्या. रोज एक असते, आज दोन कशा? तुला विचारावं म्हणून फोन शोधला, तर आवाज बंद करून ठेवलेला, मेला कुठे सापडेना. म्हटलं, तू आलीस की बघू. वाटीत मुंग्या लागतील म्हणून चष्म्याच्या डबीत ठेवल्यात."

तिने डबी उघडली. दोन्ही गोळ्या तिथे होत्या. ती तिथेच फरशीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली, तिचं तिलाच कळलं नाही. हुंदक्यांतून तिने सगळं सांगून टाकलं, फळ्यावरच्या गणितासकट.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "बरं झालं बाई, आज वर्गाला गेलीस," एवढंच म्हणाल्या.

मग तिने दुकानात फोन केला. "अर्धीच," औषधवाला म्हणाला. "तुमच्या मिस्टरांना बजावून सांगितलं होतं मी." रात्री त्या मिस्टरांचं काय करायचं ते तिने तिथल्या तिथे ठरवलं. गोळीच्या मधोमध रेघ होती. तिने नखं लावून दाबलं, टक् आवाज आला, दोन सारखे तुकडे झाले. एक तिने सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो पाण्याबरोबर गिळला आणि पुन्हा मान टेकली.

ती खुर्चीला टेकून खालीच बसली. त्यांचं मनगट तिने हातात घेतलं होतं.

"नाडी मोजतेस का गं?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही," ती म्हणाली. पण हात काही सोडला नाही.