राखणीचं कडं

गोट्यांचा पहिला मारा कठड्यावर फुटला तेव्हा पुंडलिकराव दोन्ही मुलांसह पुलाच्या मध्यावर होते. पलीकडे पांढुर्ण्याचं स्टेशन, तासाभरात गाडी, उद्या सकाळी नागपुरात त्यांच्या यकृतावर ऑपरेशन. खाली नदीच्या पात्रात पळसाच्या खोडावरचा झेंडा, आणि तो हिसकावण्यासाठी अलीकडच्या काठावर त्यांचं सावरगाव, पलीकडे पांढुर्णा, दोन्ही गावं दगड घेऊन.

शहाऐंशीच्या पोळ्याचा तो दुसरा दिवस, गोटमारीचा. ह्या दिवशी ही वाट कोणी धरत नाही. पण धाकट्या विजयला थांबणं शक्य नव्हतं. काल मेडिकल कॉलेजात त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर वडिलांच्या यकृताचा तुकडा पाहिला होता. गाठीभोवती शरीराच्याच राखणदार पेशींची दाटी. शरीर लढतं आहे म्हणून तो हरखला. सरांनी पेन्सिलीचं टोक पुढं केलं : दाटी जिथं सर्वांत घन, तिथंच रक्तवाहिनीची भिंत विरलेली.

"ह्या पेशी गाठीला अडवत नाहीत, वाट करून देताहेत. भिंत फुटायच्या आत कापायला हवं," सर म्हणाले.

दुसरा मारा आला. थोरल्या गजाननानं शीळ घातली. सावरगावचे बारा-पंधरा गडी धावत आले आणि पुंडलिकरावांभोवती कडं करून उभे राहिले.

पांढुर्ण्याच्या काठाला एवढंच दिसलं, की सावरगावचा घोळका झेंड्यावर चालून येतो आहे. सगळे हात पुलाकडे वळले.

"दादा, कडं मोडा!" विजय ओरडला. "घोळका पाहूनच मारून राहिले ते! बाबाले एकट्याले जाऊ द्या, एकट्या म्हाताऱ्याले कोणी मारत नाही!"

"तू नागपुरात काचा पाह्य," गजानन म्हणाला. "बापाले आमी पाहून घेतो."

एकाचं कपाळ उघडलं. दुसरा तोंड धरून खाली बसला, बोटांमधून रक्त आणि दात. जो पडे, त्याची जागा मागचा घेई. कडं आणखी आवळे. आतून क्षीण आवाज आला, "पोट्टेहो, दम कोंडून राह्यला माहा. सोडा रे."

"नाही सोडत, बाबा." गजाननानं त्यांच्या सदऱ्याची छाती मुठीत धरली. मागून कोणाचं तरी कोपर त्या फुगलेल्या पोटात रुतलं.

विजय एकेक हात उपसत आत शिरला. शेवटी ती एकच मूठ उरली. त्यानं पायाशी पडलेला गोटा उचलला आणि सर्व ताकदीनिशी भावाच्या मनगटावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज झाला. बोटं सुटली नाहीत.